गुळावरच्या प्रबंधाचे डाउनलोड खरे की बॉटचे?

प्रश्न: कोल्हापुरात कॉलेजच्या ग्रंथालयात डीस्पेस (प्रबंध ऑनलाइन ठेवायचं सॉफ्टवेअर) मीच सांभाळते. गुऱ्हाळांवरचा एक प्रबंध एका रात्रीत 400 वेळा डाउनलोड, असं त्यात दिसतंय! सर म्हणतात, अहवालात टाका. गुगल अ‍ॅनालिटिक्स मात्र 3च दाखवतंय. कुठला आकडा धरू?

उत्तर: ताई, दोन्ही नकोत. गुगल स्कॉलरवरून (शोधनिबंध शोधायची साइट) लोक थेट पीडीएफवर येतात, तुमचं पान उघडतच नाही. म्हणून गुगलच्या आकड्यात कमी दिसतं. डीस्पेसच्या आकड्यात बॉट (आपोआप फाइली उतरवणारे प्रोग्राम) लै. 'काउंटर' या ऑनलाइन वापर मोजायच्या मानकाचा नियम लावा: बॉट वगळायचे, त्याच वाचकानं तीच फाइल 30 सेकंदांत पुन्हा दाबली तर एकदाच मोजायची. ब्रिटनमध्ये आयरस ही सेवा अनेक विद्यापीठांचे आकडे असेच मोजते, त्यामुळं तुलना तरी होते.

दुसरं उत्तर: आधी लॉगमधले (सर्व्हरच्या नोंदीतले) आयपी, म्हणजे कुठल्या कॉम्प्युटरवरून मागणी आली ते पत्ते, बघा की.

प्रश्नकर्ती: बघितले. बहुतेक एकाच आयपीवरून, दर 4 सेकंदांनी एक. पहाटे तीनला गूळ कोण वाचतंय! चाळून 19 उरले. सरांना अजून सांगितलं नाही.