मदत हवी आहे : लोरावॅन (लांब पल्ल्याचा वायरलेस) सेन्सर बंद पडला तरी स्काडावर (कंट्रोल रूममधली देखरेख सिस्टीम) जुनंच रीडिंग दिसतं

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. आमचा स्प्रे पॉन्ड (पाणी गार करायचा तलाव) आणि ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) कंट्रोल रूमपासून बरेच लांब, मधून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा रस्ता, दर हंगामात केबल कुठेतरी तुटतेच, म्हणून गाळप सुरू व्हायच्या आत तिकडचे पॉइंट वायरलेस करायचेत, आणि एकाच कंपनीच्या बंद सिस्टीमला बांधून घ्यायचं नाही म्हणून सगळं ओपन प्रोटोकॉलवर चाललंय.

फ्लो मीटर मॉडबस आरटीयूवर (उपकरणांनी वायरवरून आकडे द्यायचा प्रोटोकॉल), त्याला ८६५-८६७ मेगाहर्ट्झचा लोरावॅन नोड, म्हणजे रीडिंग रेडिओने पाठवणारा डबा (हा बँड विनापरवाना आहे), पुढे गेटवे (नोडचे सिग्नल पकडणारा), चर्पस्टॅक (लोरावॅनचा सर्व्हर), एमक्यूटीटी (मेसेज पोचवायचा प्रोटोकॉल), नोड-रेड (डेटा इकडून तिकडे वळवणारं सॉफ्टवेअर) आणि तिथून मॉडबस टीसीपीने (नेटवर्कवरचं मॉडबस) स्काडा. रीडिंग बरोबर येतात. पण नोडची बॅटरी काढून बघितली तर स्काडावर शेवटचा आकडा तसाच, ऑपरेटरला वाटणार सगळं ठीक चाललंय. ४-२० एमएमध्ये (रीडिंग मिलिअँपिअर करंटने पाठवायची पद्धत) वायर तुटली की करंट शून्यावर येतो, लगेच कळतं. इथे कसं कळणार? एमक्यूटीटीचं लास्ट विल (क्लायंट अचानक तुटला की आपोआप जाणारा मेसेज) लावलंय, उपयोग झाला नाही. वायरलेस हार्टच (कारखान्यांसाठीचं वायरलेस स्टँडर्ड) घ्यावं का?

प्रतिसाद १
लास्ट विल ब्रोकरला (एमक्यूटीटीचे मेसेज वाटणारा सर्व्हर) जोडलेल्या क्लायंटचं असतं, आणि तुमच्याकडे तो क्लायंट म्हणजे चर्पस्टॅक. तो जिवंतच आहे, मेलाय त्याच्या मागचा नोड. शिवाय रिटेन फ्लॅग (ब्रोकरने शेवटचा मेसेज साठवून ठेवायची खूण) चालू असेल तर बंद करा, नाहीतर नोड-रेड रीस्टार्ट झाला की कालचं रीडिंग आजचं म्हणून येईल.

मॉडबसच्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायचा खण) नुसता आकडा असतो, वेळ नाही की क्वालिटी नाही. त्यामुळे नोड-रेडमध्ये प्रत्येक पॉइंटला अजून एक रजिस्टर द्या, शेवटचं पॅकेट येऊन किती सेकंद झाले ते त्यात टाका आणि स्काडात त्यावर अलार्म लावा. स्काडा ओपीसी यूए (डेटा देवाणघेवाणीचा दुसरा ओपन प्रोटोकॉल) घेत असेल तर फारच छान, तिथे प्रत्येक व्हॅल्यूबरोबर टाइमस्टॅम्प आणि स्टेटस कोड येतोच.

वायरलेस हार्ट (आयईसी ६२५९१) चांगलंच आहे, मेश (नोड एकमेकांमार्फत सिग्नल पुढे देतात) असल्यामुळे मिल हाऊससारख्या लोखंडाच्या गर्दीत छान चालतं, पण लांबच्या दोन-चार पॉइंटसाठी एवढा खर्च करू नका.

धागाकर्ता
मनापासून आभार! रजिस्टर आजच टाकतो. नोड १० मिनिटांनी पाठवतो, अलार्म किती वेळाने लावू? आणि लांबचा नोड एसएफ १२ वर (स्प्रेडिंग फॅक्टर, जास्त म्हणजे लांब पल्ला पण संथ) जातो, ते चालेल?

प्रतिसाद १
एखादं पॅकेट हरवणारच, लागोपाठ तीन चुकली की बॅड धरा, म्हणजे ३० मिनिटांच्या जरा वर. एसएफ १२ ला १०-१२ बाइटचं पॅकेट जवळजवळ दीड सेकंद हवेत राहतं, एसएफ ७ ला साधारण ६० मिलिसेकंद, म्हणून गेटवेचा अँटेना उंच चढवा, म्हणजे कमी एसएफवर भागेल, बॅटरीही जास्त टिकेल. मात्र पंपाचं ट्रिप (आपोआप बंद होणं), इंटरलॉक (सुरक्षेसाठीची आपोआप अडवणूक) असलं काही यावर घेऊ नका, ते वायरवरच राहू दे.