मांजरांचं गणित वेगळं आहे

पाळीव कुत्र्या-मांजरांच्या स्वादुपिंडाला सूज (पॅन्क्रियाटायटिस) आली की बहुतेक जण त्याचं खापर चरबीयुक्त खाण्यावर फोडतात. कुत्र्यांपुरतं ते बऱ्याच अंशी बरोबर आहे. कचऱ्यात तोंड घालणारे तर या दुखण्यात हमखास सापडतात. पण मिनिएचर श्नाउझरसारख्या जातीत रक्तातले ट्रायग्लिसराइड्स (एक प्रकारची चरबी) मुळातच जास्त असू शकतात, तिथे खाणं सांभाळूनही धोका उरतोच. लठ्ठपणा, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार), मंदावलेलं थायरॉइड हे धोकेही आहेतच. फिट्ससाठी पोटॅशियम ब्रोमाइड किंवा फिनोबार्बिटल चालू असेल तर त्यानेही धोका वाढू शकतो, म्हणून व्हेटना (जनावरांच्या डॉक्टरांना) आवर्जून सांगा. (गोळ्या परस्पर बंद मात्र करू नका, फिट्स उलटतील.)

मांजरांत चरबीशी असा सरळ संबंध दिसत नाही, आणि बहुतेकदा कारण सापडतच नाही. त्यांची स्वादुपिंडाची मुख्य नळी आतड्यात उघडण्याआधी पित्तनलिकेला मिळते. म्हणून स्वादुपिंड, पित्तमार्ग-यकृत आणि आतडं अशी तिन्हीकडे एकदम सूज आढळू शकते. शिवाय मांजर उलट्या करेलच असं नाही, नुसतं खाणं सोडून कोपऱ्यात बसतं. त्याला नखरे समजून दोन-तीन दिवस थांबणं मला तरी पटत नाही. उपाशी मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते आणि ते दुखणं जिवावर बेतू शकतं.