मदत हवी आहे: डॉक्टर नवऱ्याच्या कामाचा ताण कसा कमी करता येईल?

माझा नवरा फिजिशियन आहे. ओपीडी संपली तरी रात्री जेवण झाल्यावर तो लॅपटॉपवर पेशंटच्या नोंदी भरत बसतो. मुलीशी बोलतानाही अर्धं लक्ष फोनकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ (आजार आणि आरोग्याशी निगडित स्थितींची आंतरराष्ट्रीय यादी) मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाण्याची, लक्षणं दिली आहेत: थकवा, कामाबद्दल तुटलेपण, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिन्ही त्याच्यात दिसतात. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणते, आणि मला ते पटतं. दोष त्याचा नाहीच. समुपदेशकाकडे जायला तो तयार नाही, करिअरवर परिणाम होईल म्हणतो. इथल्या डॉक्टरांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी कृपया सांगा, ड्यूटी कमी करून घेताना वरिष्ठांशी कसं बोललात? नोंदींचं काम कुणावर सोपवता येतं का?