अनुभव धागा : घरचा संगणक ‘फॅक्टरी रीसेट’ केलात तेव्हा काय राहिलं, काय निसटलं?

बाबांचा डेस्कटॉप सहा महिने रडतखडत चालत होता. बटण दाबून चहा टाकावा, तो पिऊन कप विसळून यावं, तेव्हा कुठे पडद्यावर काहीतरी दिसायचं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इतक्या जुन्या मशिनवर विंडोज ११ चढणार नव्हतं. म्हटलं, मूळ अवस्थेला नेऊ, इंटरनेट काढून टाकू आणि बाबांना नुसतं टंकायला ठेवू.

रविवारी दुपारी बसले. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवले, फाइलींची संख्या दोनदा ताडून पाहिली. मग सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, ‘रीसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. दीड-दोन तासांत मशिन नवंकोरं. फाइली परत टाकल्या. बाबा खूश.

मंगळवारी त्यांनी ‘ओव्या’ नावाची फाइल उघडली. माझ्या आजीच्या तोंडून त्यांनी वहीत उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, पुढे श्रीलिपी या जुन्या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेल्या. वही २००५ च्या पुरात गेली, तेव्हापासून ती फाइल हीच मूळ प्रत. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नाही. सगळी इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर टोप्या, टिंबं, मध्येच पौंडाची खूण. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा पुसला आणि परत बघितलं.

फाइल आहे, पण वाचता येत नाही. यावर उपाय माहीत असेल तर कृपया सांगा. आणि तुम्ही घरचा संगणक रीसेट केला असेल तर तुमचा अनुभवही लिहा. कशासाठी केला, काय करायचं राहून गेलं, काय वाचलं. विंडोज, मॅक, काहीही चालेल.

*

पुणे. अक्षरजुळणीचं काम, पंचवीस वर्षं.

ताई, आधी बाबांना सांगा की ओव्या शाबूत आहेत. एक अक्षर गेलेलं नाही.

जुने मराठी फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीच्या, आधीचे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या आणि खुणांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. एका जागी काना, एका जागी अर्धा त, एका जागी रफार. फाइलमध्ये नुसते त्या जागांचे क्रमांक असतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट राहतो सी ड्राइव्हमध्ये विंडोजच्या फोल्डरात, आणि रीसेटमध्ये विंडोजचा फोल्डर नव्याने लिहिला जातो. तुम्ही फाइली घेतल्या, फॉन्ट राहिला. आमच्याकडे महिन्याला एक तरी गिऱ्हाईक याच दुखण्याने येतं.

उपाय असा. ती फाइल वर्डमध्ये उघडा, मजकूर निवडा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव वाचा. फॉन्ट मशिनमध्ये नसला तरी वर्ड त्याचं नाव विसरत नाही. ‘श्री-देव’ आणि पुढे चार आकडे असं काहीसं दिसेल. त्याच क्रमांकाचा फॉन्ट हवा, शेजारचा चालत नाही. सॉफ्टवेअरची जुनी सीडी घरात असेल तर त्यावर मिळेल. वाचायला नुसता फॉन्ट पुरतो. त्यात नव्याने टंकायचं असेल तरच सॉफ्टवेअर लागतं.

मिळाला की थांबू नका. पहिलं काम, पीडीएफ करा. पीडीएफच्या पोटात फॉन्ट जातो, ती कुठेही तशीच दिसते. दुसरं, कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर रफार आणि ‘ऱ्या’ इथे हमखास घसरतो, पहिली वेलांटीही कधीकधी चुकीच्या अक्षराला चिकटते. कुणीतरी शेजारी बसून ओळन् ओळ वाचावीच लागते.

इतरांसाठी : रीसेटच्या आधी विंडोजमधला फॉन्टचा फोल्डर जसाच्या तसा उचलून ठेवा. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत काही फॉन्ट वापरकर्त्याच्या ‘अॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरातही जातात, तोही बघा. आणि नव्या मशिनवर ‘मंगल’ दिसला नाही तर घाबरू नका. विंडोज १० पासून देवनागरीसाठी ‘निर्मला’ मूळचा असतो. मंगल, कोकिळा, अपराजिता हे ऐच्छिक फॉन्टांच्या संचात आहेत, सेटिंग्जमधून मराठी भाषा जोडली की उतरतात.

*

नागपूर

माझं थोडक्यात. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं. फोटो, कागदपत्रं राहिली, बाहेरून टाकलेली सगळी सॉफ्टवेअर गेली. डेस्कटॉपवर मात्र एक यादी आली, काय काय काढलं त्याची. ती छापून घेतली आणि एकेक परत टाकत गेलो. प्रिंटरचा ड्रायव्हर (तो चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) सोडला तर काहीच अडलं नाही.

*

सांगली. करसल्लागार, घरूनच काम.

नागपूरकरांसारखंच मीही ‘कीप माय फाइल्स’ निवडलं आणि ‘फाइल्स’ म्हणजे माझ्या सगळ्या फाइली असं धरून चाललो. मशिनच्या लेखी त्याचा अर्थ वेगळा आहे. वापरकर्त्याच्या फोल्डरातलं डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप वगैरे राहतं. ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जे काही आहे ते प्रोग्रामबरोबर जातं.

माझ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा नेमका तिथे होता. ज्याने ते बसवलं त्याने तिथे ठेवला आणि मी सात वर्षांत कधी विचारलं नाही. अकरा पक्षकारांचे हिशेब. जीएसटीचं विवरण भरायला नऊ दिवस उरलेले. तीन आठवड्यांपूर्वीचा बॅकअप एका पेनड्राइव्हवर निघाला तेव्हा देवापुढे साखर ठेवली. मधल्या तीन आठवड्यांच्या पावत्या मी आणि सौ. रात्री जागून परत चढवल्या. ती वाचायची, मी टंकायचो. कागदी पावत्या जपून ठेवायची सवय होती म्हणून तरलो.

समव्यवसायींना दोन गोष्टी सांगतो. डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनमध्ये असते, संगणकात नाही. ती जात नाही, फक्त टोकनचा ड्रायव्हर आणि सही करायचं सॉफ्टवेअर परत टाकावं लागतं. आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना मशिनला बांधलेला असेल तर रीसेटच्या आधी तो त्याच सॉफ्टवेअरमधून परत करायचा, म्हणजे नंतर पुन्हा सुरू करताना अडत नाही. मी केला नव्हता, दोन दिवस फोनवर गेले.

*

कोल्हापूर

लिहू की नको असं झालं होतं, पण कुणाला तरी उपयोग होईल.

‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ म्हटल्यावर, मशिनला एकाहून जास्त ड्राइव्ह असतील तर ते विचारतं : फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह पुसू, की सगळे? मी घाईत होते, मुलाला शाळेतून आणायचं होतं. ‘सगळे’वर क्लिक झालं. डी ड्राइव्हवर आईच्या शेवटच्या दोन वर्षांचे फोटो होते, आणि तिने भाच्याच्या बारशाला म्हटलेल्या पाळण्याचं रेकॉर्डिंग.

परत येईपर्यंत काम झालेलं. नशीब इतकंच की पुढचा ‘क्लीन द ड्राइव्ह’चा पर्याय बंद होता. तो चालू असता तर नुसतं पुसून न थांबता डिस्कवर नव्याने लिहिलं जातं, मग काही उरत नाही. आणि डी ही जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क होती. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या नव्या डिस्कवर, पुसलेल्या जागा लवकरच खरोखर रिकाम्या केल्या जातात, तिथून सहसा काही मिळत नाही.

मी मशिन तिथेच बंद केलं, त्यावर एक अक्षरही नवीन लिहू दिलं नाही. डिस्क काढून डेटा परत मिळवणाऱ्याकडे दिली. तीन आठवड्यांनी हजारो फाइली आल्या, नावं नाहीत, तारखा नाहीत, फक्त आकडे. त्या मी एकेक उघडल्या. रोज रात्री जेवणं झाल्यावर तासभर. फोटो बहुतेक मिळाले. पाळणा चाळिसाव्या दिवशी सापडला, शेवटचं कडवं अर्धं तुटलेलं आहे.

*

चिपळूण. निवृत्त शिक्षक.

ताई, वाचून डोळे भरले. आता तो पाळणा चार ठिकाणी ठेवा.

माझं मशिन पासष्ट टक्क्यांवर असताना वीज गेली. पावसाळ्यात आमच्याकडे हे चालायचंच, पण यूपीएसची बॅटरी मेलेली आहे हे ठाऊक असून बसलो ही माझी चूक. लॅपटॉप निदान चार्जरला लावल्याशिवाय रीसेट सुरूच करू देत नाही, डेस्कटॉपला तशी सोय नाही. वीज आल्यावर विंडोज उभं राहीना. शेजारच्या मुलाने त्याच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ घेऊन आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवलं आणि त्यावरून बसवलं. लायसन्सचा आकडा कुठे लिहिलेला नव्हता. तरी मशिन नेटला जोडल्यावर विंडोजने आपणहून ओळख पटवली. दुकानातून विंडोज घालूनच येणाऱ्या मशिनमध्ये, विंडोज ८ पासून, तो आकडा मदरबोर्डवरच साठवलेला असतो.

एकच अडचण आली. पेनड्राइव्हवरून बसवलेल्या विंडोजला वायफायचा ड्रायव्हर नव्हता. फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट मशिनला दिलं, तेवढ्याने निभावलं.

*

पुण्यात शिकते, घर जालन्याला.

मला निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागितली. मी आयुष्यात बिटलॉकर हा शब्द ऐकला नव्हता. नंतर कळलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. मग माझ्या खात्यात पाहिलं. नव्हती.

कारण लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या दादांनीच तो सुरू करून दिला होता, स्वतः बनवलेल्या कुठल्यातरी ईमेलवरून. पप्पा त्यांच्याकडे गेले. दादांनी बिचाऱ्यांनी तीन वर्षांपूर्वीच्या वह्या काढल्या, ईमेल आणि पासवर्ड सापडला, आणि त्या खात्यात माझी किल्ली. पप्पांनी फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवले, मी टाकत गेले. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट वाचला.

नवीन लॅपटॉप घरी आला की तो आपणच, आपल्या खात्याने सुरू करा. किल्ली कागदावर लिहून ठेवा.

*

न्यू जर्सी

मॅकचा अनुभव कुणी लिहिला नाही म्हणून. माझं जुनं मॅकबुक आईसाठी नाशिकला घेऊन गेलो. निघायच्या आदल्या रात्री कमांड आणि आर धरून रिकव्हरीत गेलो, डिस्क पुसली, मॅकओएस परत बसवलं, बॅगेत टाकलं. आईला दिलं आणि मी कामासाठी बंगलोरला गेलो. तिने उघडलं तर ते माझा अॅपल आयडी मागतंय. ‘फाइंड माय’ (हरवलेलं यंत्र शोधायची अॅपलची सोय) बंद न करता डिस्क पुसली होती, त्यामुळे अॅक्टिव्हेशन लॉक, म्हणजे मशिन माझ्या खात्याला बांधणारं कुलूप, तसंच राहिलं. आईला वाटलं तिच्याच हातून काही बिघडलं. दोन दिवस तिने मला फोनसुद्धा केला नाही, रागावेन म्हणून. ते मला फार लागलं.

सोडवणूक सोपी होती. आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून ते मॅक माझ्या खात्यातून काढलं, कुलूप उघडलं. मॅकओएस माँटेरे (२०२१) पासून, अॅपलची स्वतःची चिप किंवा टी२ चिप असलेल्या मॅकवर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा पर्याय आहे. तो खात्यातून बाहेरही काढतो. तोच वापरावा.

*

नाशिक

आमच्याकडे २०१० चा लॅपटॉप आहे. सुरू होताना एफ ११ दाबलं की कंपनीने दडवून ठेवलेल्या भागातून विंडोज ७ परत बसतं, पहिल्या दिवशी होतं तसं. भिंतीचं चित्र, उघडतानाचा आवाज, चाचणीपुरता अँटिव्हायरस, सगळं. नशिबाने तो भाग कुणी जागा मोकळी करायला पुसला नव्हता. त्यातल्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये आजची बहुतेक संकेतस्थळं उघडतच नाहीत, आणि विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला, त्यामुळे नेटला जोडलेला नाही. सासरे त्यावर बुद्धिबळ खेळतात.

*

ठाणे (धागा मीच काढला होता)

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे वर्डमध्ये फॉन्टचं नाव दिसलं. सीडी माळ्यावर, पितळेच्या भांड्यांच्या पेटीत सापडली. आमच्या मशिनला सीडी ड्राइव्ह आहे, तो चालेल की नाही याची धाकधूक होती. चालला. फॉन्ट टाकला, फाइल उघडली आणि बाबांनी मोठ्याने पहिली ओवी वाचली. स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

आधी पीडीएफ केली. ती माझ्या ड्राइव्हवर, भावाकडे आणि एका पेनड्राइव्हवर आहे. युनिकोड करताना रफार खरंच घसरतो. ‘सूर्य’ आणि ‘दर्शन’ दोन्ही मोडून आले, आणि ‘माहेरच्या वाऱ्या’तला वारा एकदाही धड उतरला नाही. म्हणून आता रोज संध्याकाळी बाबा छापील कागद धरून वाचतात आणि मी पडद्यावर दुरुस्त करते. कुठे ते थांबतात आणि सांगतात की इथे आजी ‘गं’ म्हणायची, मी टंकताना गाळला. तो ‘गं’ आम्ही आता घालतोय.

एकशे चौदापैकी एकोणचाळीस ओव्या झाल्या. उद्यापासून भावाच्या ओव्या सुरू होतील.