मंडळात पोरांना जागा कशी करून द्यायची?

खानापूरचा एक कार्यकर्ता:
आमच्या गावच्या मंडळात मी 18 वर्षं खजिनदार हाय. शिवजयंतीच्या चित्ररथाला पोरं रात्ररात्र राबतात पण मीटिंगला बोलवलं तर मागं भिंतीला टेकून उभी राहतात, बोलतच नाहीत. मला खरंच बाजूला व्हायचंय, पण एकदम सोडलं तर हिशोब कोण बघणार ही काळजी वाटते. काय करावं?

येळ्ळूरची ताई:
दादा, ती बोलत नाहीत कारण सगळं आधीच ठरलेलं असतंय. आमच्या वाचनालयात आम्ही पासबुक आणि पावतीपुस्तकच पोरींच्या हातात दिलं, ठराव करून बँकेत सहीसुद्धा बदलली, नुसतं सहखजिनदार नाव देऊन काय उपयोग नाही. पहिल्या वर्षी चुका झाल्या, शेजारी बसून दुरुस्त केल्या, पण सगळ्यांसमोर कुणाला बोललो नाही.

निपाणीकर:
आणि इकडं कर्नाटकात परवानगीचे कागद कानडीत असतात, ते आमच्यापेक्षा पोरांनाच चांगले वाचता येतात की! तिथं पुढं ती, मागं आपण. ग्रामपंचायतीला 21 व्या वर्षी उभं राहता येतंय, मग मंडळाचा अध्यक्ष पन्नाशीचाच का लागतो वो?

खानापूरचा एक कार्यकर्ता:
ताई, सहीचं पटलं. पुढच्या मीटिंगला वही घेऊनच जातो, दोन पोरं डोळ्यासमोर हायत आणि एक पोरगीपण, बीकॉमची.

येळ्ळूरची ताई:
तिलाच आधी विचारा.