"आई, मला सुट्टी कधी लागणार?" – घरी शिकणाऱ्या मुलांचे उन्हाळे

जुनी_वही:
काल लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या, म्हणाल्या, "तुमचं बरं होतं बाई, पोरीला शाळाच नाही म्हणजे बारा महिने सुट्टी!" हसून घेतलं नेहमीसारखं. पण घरात येऊन भाजी फोडणीला टाकली आणि २०१४ चा मे महिना आठवला, तो भाजी करपेपर्यंत.

लेक तेव्हा सात वर्षांची. शाळेत कधी गेलीच नव्हती. १ मेला सोसायटीतली सगळी पोरं निकाल घेऊन आली, दारातूनच दप्तरं आत भिरकावली आणि 'सुट्टीऽऽऽ' करत जिन्यावरून खाली. ही पण त्यांच्यामागं पळाली. अर्ध्या तासानं परत, चपला न काढता उंबऱ्यातच उभी. "आई, मला कधी लागणार सुट्टी?" मी आपली उत्साहात, अगं तुला तर रोजच, वगैरे. तर भोकाड पसरलं. "रोज असते ती सुट्टी नसतेच!"

काय बोलणार? खरंच होतं. आम्ही दोघांनी सहा महिने पुस्तकं वाचून, लोकांशी वाद घालून, सासूबाईंचा अबोला सोसून हे घरी शिकवायचं ठरवलेलं आणि त्यात हा मुद्दा आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

मग बाबानं परीक्षा घेतली. तीन दिवसांची. वेळापत्रक तिनंच केलं, चित्रकला दोनदा होती. निकालपत्र पण पाहिजे आणि ते लाल पेनानं. आणि एका विषयात मार्क कमी द्या म्हणे, नाहीतर खोटं वाटतं. परिसर अभ्यासात ३५ दिले, जाम खूश. मग दप्तर फेकायचं, तर दप्तर कुठाय? बाबाची लॅपटॉपची बॅग घेतली. लॅपटॉप काढला होता, चार्जर आत राहिला. तो गेला.

तर ज्यांची मुलं घरी शिकतात किंवा शिकली, ते उन्हाळा कसा काढता? अभ्यास चालू ठेवता का सरळ गुंडाळता? लिहा सावकाश, मला कुरडयांचा चीक शिजवायचाय, मध्ये मध्ये येते.

ताकपोहे:
अगदी अगदी! आम्ही पहिल्या वर्षी शहाणपणा केला की मे मध्ये सगळं चालू ठेवायचं आणि जून-जुलैत सुट्टी घ्यायची, म्हणजे गर्दी नाही, रूम स्वस्त, भंडारदऱ्याला काजवे पण बघून होतात. कागदावर फार सुंदर होतं. प्रत्यक्षात सकाळी आठपासून बेल. "काकू, तो येतो का खाली?" नाही रे, अभ्यास चाललाय. दहा मिनिटांनी दुसरा. मग तिसरा आणि त्याच्यासोबत पहिला परत. चौथ्या दिवशी पोरगं म्हणालं तू मला शिक्षा का करतेयस. आणि जूनमध्ये सुट्टी दिली तर खाली चिटपाखरू नाही, एकटाच सायकल फिरवत बसला पावसात. तेव्हा कळलं सुट्टी म्हणजे अभ्यास नसणं नव्हे, बाकीचे मोकळे असणं. तेव्हापासून मे पूर्ण बंद. काजवे मात्र सोडले नाहीत.

नवतपा:
तुमचं पुणं-मुंबईचं ठीक आहे, आमच्याकडं या अकोल्याला. उन्हाळ्यात अभ्यास करायचा का नाही हे सूर्य ठरवतो. साडेपाचला उठून साडेआठपर्यंत काय व्हायचं ते होऊन जातं, नंतर पडदे ओढून कूलरपुढं सगळे आडवे. संध्याकाळी सातला परत जिवंत.

खरी मजा मोठ्याच्या दहावीला आली. एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा बोर्डातून दिली त्यानं. त्यांची परीक्षा एप्रिल-मे मध्ये. स्टेट बोर्डाची पोरं मार्चमध्येच मोकळी होऊन आंबे खायला लागलेली आणि आमचं ध्यान भर दुपारी अडीचच्या पेपराला निघालेलं. ४४ डिग्री! सेंटरचं नाव घेत नाही, पंखा होता पण तो फक्त बघायला. माझ्या आईनं त्याच्या खिशात कांदा ठेवला ऊन लागू नये म्हणून. गेटवर झडतीत कांदा निघाला. सर म्हणाले, हे काय आहे? हा म्हणाला, कांदा. सरांनी उलटापालटा करून बघितला, काही लिहिलंय का म्हणून. मग परत दिला आणि म्हणाले, अजून आहे का एक.

ताकपोहे:
काय बाप्पा! कांद्यावर कॉपी!!

गवती_चहा:
हसून हसून मेले, ऑफिसात मीटिंग चालू आहे.

जरा_थांबा:
मूळ विषय सोडून विचारतोय, माफी. हे घरी शिकवणं कायदेशीर आहे का? आमच्या मेव्हण्याला सांगितलं तर तो म्हणतो आत टाकतील.

नवतपा:
@जरा_थांबा आत कोणी टाकत नाही हो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात (आरटीई) ६ ते १४ च्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण पालकांना शिक्षेची तरतूद नाही त्यात. पुढं एनआयओएसची दहावी आहे, १४ पूर्ण लागतात. यावर मागं दोनशे प्रतिसाद झालेत, ते वाचा, इथं उन्हाळ्याचं चाललंय. मेव्हण्याला कांदा पाठवतो.

रातांबा:
आमचं रत्नागिरीजवळ खेडं, इथं मे म्हणजे अभ्यास असूच शकत नाही, माणसं कमी पडतात. आंबा उतरवणं, काजू, फणस, आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं. रातांबे फोडायला दोन्ही पोरं बसवते, सालं वेगळी, बिया वेगळ्या. सालं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, परत उन्हात, असे पुट द्यायचे आमसुलं काळी होईपर्यंत. हात आठवडाभर लाल.

सुरवातीला मी फार हौशी. रातांब्याचं वजन करा, सुकल्यावर करा, टक्के काढा, तक्ता करा. धाकटी एक दिवस हातातला रातांबा खाली ठेवून म्हणाली, "आई, यात गणित असेल तर मी नाही बसत." त्या दिवसापासून वही बंद. आता नुसते रातांबे फोडतो आणि कोणाच्या तरी कागाळ्या करतो.

मागच्या वर्षी वळीव आला दुपारीच, निम्मी आमसुलं गेली. ते नको आठवायला.

पावकी_निमकी:
पेनसिल्व्हेनियाहून लिहितेय, रात्रीचे साडेअकरा, भांडी व्हायचीत. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे आधी कागद. या राज्यात वर्षाचे १८० दिवस किंवा प्राथमिकला ९०० तास भरले पाहिजेत, सगळ्याची फाईल करायची, इव्हॅल्युएटर मुलाशी बोलून बघणार आणि तिचं पत्र ३० जूनच्या आत डिस्ट्रिक्टला. शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणीला यातलं काही नाही, ती मे मध्येच पाय पसरून बसते. जळते मी.

त्यात उन्हाळ्यात सांगलीहून आईबाबा येतात. बाबांना ही फाईल बघून धक्का. "परीक्षा तुझी आहे का पोराची?" मग त्यांनी त्यांचा तास सुरू केला, बॅकयार्डात येरझाऱ्या घालत पावकी, निमकी, पाउणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे जुने पाढे. माझं कधी पाठ झालं नाही ते याचं तीन आठवड्यात झालं, चाल आहे ना त्याला. इव्हॅल्युएटर आली, तिनं विचारलं आवडतं काय तुझं, तर यानं उभं राहून पावकीच म्हटली! ती डोळे मिटून ऐकत होती बिचारी. तिला वाटलं श्लोक आहे. मी पण काही बोलले नाही.

हिरवा_डबा:
जर्मनीत आहे. इथे घरी शिकवायला बंदीच, शाळा सक्तीची. विषय संपला. मी फक्त कुरडयांसाठी वाचतेय.

खडू_फळा:
मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, इथे लिहू का नको असं वाटत होतं, दगड मारू नका. 'बारा महिने सुट्टी' हे आम्हालाही रोज ऐकावं लागतं बरं का, त्यामुळे काकूंचा राग मलाही आला. २०२४ चा मे माझा निवडणुकीच्या ड्युटीत गेला, आदल्या दिवशी मशीन घेऊन एसटीनं गावात, रात्री शाळेच्या बाकावर झोप. स्वतःच्या मुलीला आजोळी सोडलेलं. ती शाळेत जाते, आई शाळेत, तरी दोघींची सुट्टी एकत्र आली नाही. जुनी_वही, तुमच्या लेकीचं ते लाल पेन मनात राहिलं. आमच्याकडे पोरं लाल पेनाला घाबरतात आणि ही मागून घेतेय.

जुनी_वही:
@खडू_फळा दगड कसले, तुम्ही लिहा हो. तिला ३५ मिळाले म्हणून ती आठवडाभर सांगत फिरली होती, "माझं परिसर कच्चं आहे." पुढं खरोखरच्या बारावीत सगळ्यात जास्त जीवशास्त्रात, काय बोलायचं. आता हॉस्टेलवर आहे, १९ वर्षांची. २० तारखेनंतर येईल. चार्जर तेवढे लपवून ठेवलेत.

शून्य_सावली:
बाबा आहे मी, बायको नोकरी करते, घरी मी असतो, त्यामुळे उन्हाळ्यात नातेवाईक मला "सध्या काय करतोस" विचारतात. असो. आम्ही सगळं बंद ठेवतो पण एक दिवस नाही सोडत. पुण्यात १३ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाते. गच्चीत पाण्याची बाटली, तेलाचा डबा, मुलगी स्वतः, सगळे रांगेत उभे. पहिल्या वर्षी सोसायटीतली वीसेक पोरं आली बघायला, त्यात दोघांचे पाय भाजले कारण चपला खाली काढलेल्या. दुसऱ्या वर्षी ढग. तिसऱ्या वर्षी मुलीनं चुलतभावाला नागपूरला फोन करून रुबाबात सांगितलं, तुमची सावली २६ मेला जाणार, अजून वेळ आहे तुम्हाला. तो घाबरून आईकडे गेला.

गोठ्यातली_शाळा:
मी स्वतः घरी शिकलेला, आता २४. आईबापांनी लिहिलंय सगळं, पोराचं पण ऐका. उन्हाळ्यात जळगावकडे मामाकडे जायचो, तिथं बारा-तेरा भावंडं. कितवीत रे? हा प्रश्न पहिल्या तासात यायचाच. दोन वर्षं मी ठोकून दिलं, चौथी ब, मग पाचवी ब. तिसऱ्या वर्षी मामेबहिणीनं विचारलं, तुमच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय? समोर गोठा होता. मी म्हटलं, चंद्रा मॅडम.

आजी ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवलं, गोठ्यात नेलं, म्हशीपुढं पेंड ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा विद्यार्थी आलाय, उशीर झाला त्याला." कोणाला सांगितलं नाही तिनं शेवटपर्यंत. पूर्ण सुट्टीभर मीच पेंड घालत होतो.

खडू_फळा:
आजी!! डोळ्यात पाणी आणि हसू एकदम.

गवती_चहा:
चंद्रा मॅडम निवृत्त झाल्या का?

गोठ्यातली_शाळा:
@गवती_चहा त्यांची मुलगी आहे सध्या सेवेत.

हिरवा_डबा:
जुनी_वही, चिकाचं झालं का? गहू तीनच दिवस भिजवता ना? माझी आई रोज पाणी बदलायची एवढंच आठवतं. इथे करून बघणार आहे, ऊन चार दिवस आहे म्हणतात.

जुनी_वही:
@हिरवा_डबा तीनच, रोज पाणी बदलायचं नाहीतर वास येतो. वाटून गाळून रात्रभर ठेव, सकाळी वरचं पाणी हळूच ओत, खाली चीक बसलेला असतो. वाटीला वाटी पाणी, हिंग, मीठ, आणि हात थांबवायचा नाही. पहिला गरम चीक दूध-साखर घालून खा आधी, कुरडया नंतर.

रातांबा:
अगं पाणी जरा जास्त लागतं, सव्वा वाटी तरी.

पावकी_निमकी:
सव्वा म्हणजे सवायकी. बाबांना सांगते.

ताकपोहे:
पुण्यात कुणी आहे का, पश्चिमेकडून भरून आलंय बघा.

जुनी_वही:
अरे देवा. गच्चीत सगळ्या चटया भरून कुरडया आहेत, पळते.