गाणी लावून शब्द पाठ करायला लावले तर प्रयोग बरोबर होईल का?

अर्धवट_अभ्यासू:
नमस्कार मंडळी, सायकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलसाठी स्वतःचा एक प्रयोग डिझाइन करायचाय, विषय घेतलाय डिस्ट्रॅक्शनचा मेमरीवर होणारा परिणाम. डोक्यात असंय की २० जण घ्यायचे, १० जणांना शांत खोलीत २० शब्दांची यादी द्यायची, बाकीच्या १० जणांना तीच यादी पण गाणी लावून आणि मधेमधे मोबाईल वाजवून, मग किती आठवले ते मोजायचं आणि टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक नुसता योगायोग असू शकतो का ते बघणारी चाचणी) मारायची. सरांना दाखवलं तर "अजून विचार कर" म्हणाले, कशाचा ते सांगितलंच नाही. काय चुकतंय?

टाचणी:
गाणी आणि मोबाईल दोन्ही एकत्र लावलेस तर फरक नक्की कशामुळे पडला हे कसं सांगणार? एक काहीतरी निवड. दुसरं म्हणजे १०-१० चे गट फारच लहान आहेत. एखाद्याची स्मरणशक्ती मुळातच जबरी असते आणि असे दोन जण एका गटात गेले की झालं. परिणाम मध्यम आकाराचा धरला (डी ०.५, म्हणजे सरासरींतला फरक अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा), ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्स (फरक नसताना चुकून दिसण्याची शक्यता), तर वेगवेगळ्या गटांत प्रत्येकी ६४ माणसं लागतात. तेच प्रत्येकाला शांततेत आणि आवाजात असं दोन्ही वेळा बसवलंस तर साधारण ३४ मध्ये काम होतं, कारण मग माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. फक्त अर्ध्यांना आधी शांत आणि अर्ध्यांना आधी आवाज द्यायचा, नाहीतर दुसऱ्या वेळी आलेला सराव किंवा कंटाळा सगळा एकाच बाजूला जमा होतो.

अर्धवट_अभ्यासू:
पण तीच यादी परत दिली तर पाठच असेल ना?

टाचणी:
अर्थात, दोन याद्या लागणार, आणि त्यांचीही अदलाबदल करायची, म्हणजे अ यादी काहींना शांततेत तर काहींना आवाजात. याद्या बनवायला लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ जातो बरं का. एका यादीत "पाणी, खिडकी, चप्पल" आणि दुसरीत "सार्वभौमत्व, अनुषंग" असलं काही झालं तर संपलंच. शब्द तेवढेच लांब, तेवढेच रोजच्या वापरातले आणि डोळ्यांसमोर चित्र उभं राहील असे हवेत. "सुई" आणि "दोरा" एकाच यादीत नको, एक आठवला की दुसरा फुकटात मिळतो.

खोडरबर:
मला वाटतं सरांचा रोख वेगळाच असावा. डिस्ट्रॅक्शन नक्की कधी? शब्द वाचताना, की आठवताना? १९९६ मध्ये क्रेक आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. शिकताना लक्ष विभागलं तर आठवण चांगलीच घसरते, पण आठवताना विभागलं तर तेवढी घसरत नाही, उलट सोबत दिलेलं दुसरं काम मंदावतं. तुझ्या लिहिण्यात गाणी कधी बंद होणार हेच नाहीये. आणि शिकताना गाणी, आठवताना शांतता असं केलंस तर अजून एक गोची आहे, वातावरण बदलल्यामुळेही आठवण कमी होऊ शकते. गॉडन आणि बॅडली यांचा १९७५ चा पाणबुड्यांवरचा प्रयोग वाचला असशील, पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. वेळ असेल तर शिकताना आणि आठवताना शांतता किंवा गाणी अशा चारही जोड्या कर, नसेल तर निदान मर्यादा म्हणून लिही.

निवांत_बघू:
गाण्यांबद्दल थोडं. शब्द असलेलं गाणं आणि नुसती धून या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोल आणि वेल्श यांनी १९७६ मध्ये दाखवलं होतं की न कळणाऱ्या भाषेतलं बोलणं नुसतं कानावर पडत असलं तरी डोळ्यांनी पाहिलेली अक्षरं क्रमाने सांगताना चुका वाढतात, म्हणजे अर्थ कळून मन भरकटतं एवढंच कारण नाहीये. पण हा परिणाम ठळक दिसतो तो क्रमाने सांगायला लावलं की, तू मात्र कुठल्याही क्रमाने आठवायला सांगणारेस, मग फरक कमी दिसला तर दचकू नकोस. गाणं सगळ्यांना तेच, आवाज तेवढाच, आणि हेडफोन शांत वेळेलाही कानावर राहू देत. आवडीचं गाणं लागलं की एखादा गुणगुणायलाच लागतो, शेवटी गाणं किती ओळखीचं होतं एवढं विचारून ठेव.

खोडरबर:
हो, आणि यादी संपली की लगेच लिहायला लावू नकोस, शेवटचे तीन-चार शब्द तसेही डोक्यात ताजे असतात. ३० सेकंद शंभरातून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लाव. मराठीत ही शिक्षाच आहे, एक्क्याण्णवनंतर अठ्ठ्याऐंशी म्हणताना माणूस सगळे शब्द विसरतो :)

अर्धवट_अभ्यासू:
बापरे. म्हणजे आता असं: ३४ ऐवजी ३६ जण, म्हणजे यादी आणि क्रमाच्या चार जोड्यांत ९-९ बसतील, शब्द असलेलं एकच गाणं फक्त शिकताना, दोन याद्या, मधे उलटी मोजणी, पेअर्ड टी-टेस्ट (म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्याच दोन आकड्यांची तुलना). मोबाईल कॅन्सल. वातावरण बदलण्याचं मर्यादांमध्ये टाकते. पण आधीच "आवाजाचा परिणाम बघतेय" असं सांगितलं तर लोक मुद्दाम कमी-जास्त करतील का?

टाचणी:
करतात, नकळत. संमतीपत्रात "वेगवेगळ्या परिस्थितीत शब्द लक्षात राहणे" एवढंच लिही, हेडफोनवर गाणं लागेल आणि कधीही उठून जाता येईल हे मात्र स्पष्ट लिही. खरा प्रश्न काय होता ते झाल्यावर सगळ्यांना सांग. आणि ३६ जणांना बोलवायच्या आधी चार-पाच जणांवर पायलट, म्हणजे छोटी चाचणी, कर. सगळ्यांना २० पैकी १९ आठवले किंवा कुणालाच ३ च्या वर आठवले नाहीत तर यादीच बदलावी लागेल, मग गाणं कितीही चांगलं निवड, आकड्यांत काही दिसणार नाही.